कांपालचा काठ: पावसाळी पणजीतली पायपीट

शुक्रवार

जुलैत मांडवीचं पाणी तांबडं असतं. पर्वरीचा उतार संपून गाडी पुलावर आली की खाली ते दिसतं: घाटावरून सुटलेली माती, मधूनच एखादी वाहत आलेली नारळाची झावळी, आणि या सगळ्यात दोरखंड आवळून उभ्या असलेल्या कॅसिनोच्या पांढऱ्या बोटी. कुडाळहून बांद्यामार्गे आलं की गोव्याची राजधानी पहिल्यांदा अशी वरून दिसते. नदीकाठाने एक रस्ता, रस्त्याला चिकटून कौलारू घरं, मागे आल्तिन्होची टेकडी. पश्चिमेला नदी समुद्राकडे रुंदावते तिथे झाडांचा एक दाट हिरवा पट्टा आहे. तो कांपाल. मी आले होते तो बघायला. इतक्यांदा पणजीला येऊन मी तिथे कधी निवांत बसले नव्हते. कला अकादमीत नाटक बघायचं आणि शेवटची बस गाठायला पळायचं, एवढाच आमचा कांपालशी संबंध.

आत्या पणजीतल्या मळा या भागात राहते. तिचे यजमान तात्या नदी परिवहन खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी फेरीबोटींवर काढली, त्यामुळे पणजीकडे ते नदीतून बघतात. त्यांना पत्ता विचारला तर रस्ता सांगत नाहीत, धक्का सांगतात. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० साली बांधलेला पूल, सोळा वर्षंच टिकला. त्यानंतर १९९२ ला नवा पूल होईपर्यंत पणजी आणि बार्देश यांच्यातली माणसं, दूध, भाजी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं फेरीबोटींनीच ओढलं. २०१९ ला अटल सेतू झाला, तारांनी तोललेला, ऐटबाज. तात्या त्याला "वयलो", म्हणजे वरचा, म्हणतात आणि विषय संपवतात.

दुपारी पाऊस कोसळला आणि नेमकी भरती होती. पणजीत हे दोन एकत्र आले की गटारातलं पाणी नदीत जायचं थांबतं आणि '१८ जून' नावाच्या रस्त्यावर, मळ्यात, सखल भागात साचतं. आत्याने उंबऱ्याशी पाट लावला आणि शांतपणे तिसऱ्या सोलायला बसली.

"दर वर्साचें हें," ती म्हणाली. "तू भिऊ नको गो."

तात्या खिडकीतून बघत होते. "ही जमीन पयलीं कोणाची आशिल्ली? नदयेची. ती अधूनमधून येऊन बघून जाता."

संध्याकाळी उघडीप मिळाल्यावर आम्ही पाटोपासून काठाकाठाने चालत निघालो. सांता मोनिका जेटीवर पर्यटकांची रांग होती, रेनकोट घालून, बोटीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी. पुढचा भाग मला चालायला नकोसा होतो: कॅसिनोची तिकीटघरं, झगमगीत फलक, हाताला धरून बोलावणारी मुलं. नदी दहा पावलांवर असून दिसत नाही. मग एकदम आदिलशहाचा राजवाडा येतो आणि सूर बदलतो. उतरतं छप्पर, लांबलचक सज्जा, जुनं सचिवालय. विजापूरकरांनी बांधलेली ही वास्तू पोर्तुगिजांनी घेतली. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं पटापट मरायला लागली तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉय तिथून उठून याच वाड्यात राहायला आला. तोवर पणजी म्हणजे काही कोळ्यांची घरं, माड आणि चिखल. राजधानीचा दर्जा कागदावर मिळाला तो १८४३ ला.

वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा. काळा, झगा फुललेला, पुढे पसरलेले हात, आणि समोर कोसळणारी बाई. लहानपणी मला या पुतळ्याची भीती वाटायची. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा प्रवर्तक ठरला. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ मध्ये घडवला. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना त्याची बोबडी वळली तेव्हा मागून बापाने कोंकणीत "कातर रे भाजी" म्हणून धीर दिला, अशी आख्यायिका आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तात्या या पुतळ्यापुढून पाऊल उचलत नाहीत.

आझाद मैदानाजवळची पोलीस मुख्यालयाची लांब इमारत म्हणजे १८३२ ची लष्करी बराक. ती बांधणाऱ्याचं नाव मी लिहून घेतलं, कारण उद्या त्याच्याच जागेवर जायचं होतं: दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु.

शनिवार

पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याने जाग आली. उंडे आणि पातळ भाजी खाऊन निघालो. पाऊस भुरभुरत होता.

कांपाल म्हणजे पणजीच्या पश्चिमेचा, नदी आणि मिरामार रस्ता यांच्यामधला सपाट भाग. सपाट, कारण तो केलेला आहे. दों मानुएल १८२७ ते १८३५ गोव्यात सत्तेवर होता. व्हाइसरॉय हा किताबही त्याला मिळाला होता. त्याच्या काळात इथली दलदल भरून काढली, रस्ते आखले, झाडं लावली आणि जागेला त्याचंच नाव पडलं, दों मानुएलचं मैदान. आज पणजीत जिथे लोक सकाळी फिरतात, संध्याकाळी मुलांना झोपाळ्यावर बसवतात, तिथे दोनशे वर्षांपूर्वी ओहोटीला खेकडे फिरत असणार.

ही माहिती बहुतेक ठिकाणी "पोर्तुगिजांनी शहर वसवलं" या चालीवर सांगितली जाते. तात्यांना ते मान्य नाही, आणि त्यांचं बोलणं ऐकल्यापासून मलाही नाही. ते मूळचे चोडण बेटावरचे. त्यांच्या घरची शेती खाजनातली. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. बांध चिखलाचा, दगडाचा, पेंढ्याचा. त्यात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हातही लावायला नको. आत कोरगुट भात होतं, जे खारटपणा सोसतं, आणि भात निघाल्यावर त्याच पाण्यात काळुंद्रां हे मासे आणि सुंगटां, म्हणजे कोळंबी. हे सगळं गावकऱ्या, म्हणजे गावांच्या सामाईक संस्था, सांभाळत. बांध फुटला की सगळा गाव धावायचा. गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही विद्या आहे.

"चिखलातून जमीन काढपाक दों मानुएलान कोणाक शिकयलें?" तात्यांचा सवाल. "हुकूम ताचो. पूण पाटी कोणाच्या माथ्यार?"

पाटी वाहणाऱ्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. पण ज्यांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या बांध होते त्यांनाच या कामाला लावलं असेल, हा माझा अंदाज. आणि कांपालच्या कठड्यापाशी उभं राहून खालच्या दगडी भिंतीवर आपटणारं पाणी बघितलं की हा काठ मला तरी बांधाचाच भाऊबंद वाटतो. फरक एवढाच की याच्या आत भाताऐवजी बाग आहे.

बागेला नाव आहे फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांचं, आणि आत त्यांचा पुतळा. फिरायला आलेल्या एका जोडप्याला मी मुद्दाम विचारलं, हे कोण. "कोणी तरी गव्हर्नर असेल," म्हणाले. गव्हर्नर नव्हे. साष्टीतल्या नावेलीला १८२९ साली जन्मलेला गोंयकार, शिक्षणाने डॉक्टर. १८६० साली लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी म्हणून निवडून गेला. तिथे त्याने अर्थशास्त्रावर लिहिलं, कादंबरी लिहिली, आणि १८६१ मध्ये लामार्तिन या फ्रेंच कवीला पत्र लिहून भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. १८६१! काँग्रेसची स्थापना व्हायला अजून चोवीस वर्षं होती. प्रकृती ढासळल्यावर तो गोव्याला यायला निघाला आणि १८६९ च्या सप्टेंबरात वाटेत समुद्रावरच वारला. वय चाळीस. घर गाठता न आलेल्या माणसाचा पुतळा बोटींच्या वाटेवर उभा केला, ही निवड मला आवडली, मग ती जाणूनबुजून केलेली असो वा नसो. मराठी वाचकांना दादाभाई ठाऊक असतात, रानडे ठाऊक असतात. गोमिश फारसे नसतात. पोर्तुगीजमधे लिहिलं, म्हणून आपल्या शाळेच्या पुस्तकाबाहेर राहिले.

बागेतली झाडं जुनी आहेत. पावसाळ्यात त्यांच्या खोडांवर नेचे आणि शेवाळ चढतं आणि बाकं इतकी ओली असतात की बसायचं तर पिशवी अंथरावी लागते. रस्त्यापलीकडे कांपालची जुनी घरं, खांबांच्या बाल्कांवांची, म्हणजे बसायच्या ओसऱ्यांची, शिंपल्यांच्या तावदानांची. काही सुंदर राखलेली, काहींच्या कौलातून पिंपळ उगवलेला. जवळच भगवान महावीर बाल विहार आहे. तिथे घसरगुंडीखाली तळं साचलेलं आणि दोन मुलं आईच्या हाका न ऐकता त्यात पुन्हा पुन्हा उतरत होती.

बागेला लागूनच कला अकादमी. संस्था १९७० ची. इमारत चार्ल्स कोरियांची, त्यांची स्वतःची मुळं गोव्यातली. नदीकाठी एवढी मोठी सरकारी वास्तू उभारायची तर कोणीही चार मजले चढवले असते. कोरियांनी ती आडवी पसरली, माडांच्या उंचीच्या खाली ठेवली. पुढे मांडवासारखं जाळीदार छत, आणि त्याखालून तुम्ही रस्त्यावरून थेट नदीपर्यंत चालत जाता. दरवाजा कधी ओलांडला ते कळत नाही. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात भिंतींवर मारियो मिरांडांच्या शैलीतला खोटा प्रेक्षकवर्ग रंगवलेला, म्हणजे नाटकाला कोणीही आलं नाही तरी घर भरलेलं. मधल्या काळात इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. २०२३ च्या जुलैत काम सुरू असतानाच खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, आणि त्याच नोव्हेंबरात बाकीची वास्तू पुन्हा उघडली. गोव्यात यावर इतकी भांडणं झाली आहेत की मी त्यात भर घालत नाही. पण मागच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसून नदी बघण्याचं सुख आजही मिळतं, हे खरं.

आत्या इथे मराठी नाट्यस्पर्धेत उतरली आहे. गावच्या जत्रेत, रात्री अकराला सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या संगीत नाटकात तिने सुभद्रा केली होती, तिथून थेट या रंगमंचावर. "पयल्या खेपेक विंगेतल्यान बाहेर आयलें आनी भिंतीवयले लोक बघून घाबरलें," ती म्हणाली. गोव्यात मराठी भाषा पुस्तकांपेक्षा नाटकाने जास्त जगवली असं माझं मत आहे. त्याला पुरावा म्हणून मी आत्याला पुढे करते.

दुपारी जेवायला घरी. मासेमारीबंदी असल्यामुळे ट्रॉलरची मासळी नाही. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद. पण खाडी बंद नसते. ताटात काळुंद्र, तळलेलं, आणि तिसऱ्यांचं सुकं. सकाळच्या खाजनपुराणानंतर ते काळुंद्र जरा जास्त आदराने खाल्लं.

संध्याकाळी मिरामारपर्यंत. अंतर थोडं, पण पावसाने दोनदा झोडपलं. पूर्वी इथे गाश्पार दियशचा किल्ला होता, पलीकडच्या रेइश मागूशच्या समोर. नदीत शिरणारी बोट दोघांच्या तोफांच्या मधून जावी म्हणून. दों मानुएल पायउतार झाल्यावर १४ जानेवारी १८३५ ला बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हा गोंयकार गोव्याच्या प्रमुखपदी आला. पोर्तुगीज राजवटीत या जागी बसलेला एकमेव स्थानिक माणूस. सतरा दिवसांत त्याला उलथवलं. त्याच वर्षीच्या कत्तलीत आणि जाळपोळीत हा किल्ला गेला. आता तिथे किल्ल्याचं काहीही दिसत नाही. सुरूची झाडं आहेत, आइसक्रीमच्या गाड्या आहेत, आणि भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. १९६३ ला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊ १९७३ साली पदावर असतानाच गेले. समाधीपुढे आत्याने चप्पल काढली. तिच्या गावात मराठी शाळा भाऊंनी काढली, हे ती कोणालाही पहिल्या भेटीत सांगते.

परतताना गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नको.

रविवार

तात्यांचा हट्ट होता की कांपाल खरं बघायचं तर पाण्यातून. पणजी ते बेती फेरीबोट, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांचा प्रवास. रविवार म्हणून गर्दी कमी: काही स्कूटर, माशांच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन बायका, सायकलवाला पोर. मास्टरने तात्यांना वरून हात केला. खलाशाने विचारलं, "काका, आज ड्युटीर?" तात्या खुलले.

मध्यावर बोट आली तेव्हा त्यांनी मला कठड्याशी उभं केलं. डावीकडे पूल तीन, एकावर एक कातरलेले. समोर सचिवालय, मग बराकी. उजवीकडे वळलं की बांधकामं एकदम खाली बसतात आणि कांपालची झाडं सुरू होतात. आदल्या दिवशी बागेत असताना मला ते लक्षात आलं नव्हतं: तो काठ पाण्यापासून किती कमी उंचीवर आहे ते. भरती जवळपास पूर्ण होती आणि भिंतीचा हातभरच भाग उघडा होता.

"जानेवारीत यो," तात्या म्हणाले, "तेन्ना पाणी निळें. पूण हें दिसचें ना."

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा चढतो आणि मोठ्या बोटींची ये-जा थांबते. त्यांच्या काळात खनिजाच्या बार्जी अशा वेळी नदीतच अडकून पडत, किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव गाठत. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि त्या लोखंडी गर्दीचा आवाज ओसरला.

बेतीहून पायलट केला. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, नाहीतर घाबरतात. तात्या बेतीलाच कोणाकडे तरी चहाला थांबले. वेरेंमधून रेइश मागूश. आधी चर्च, पांढरं, लांब पायऱ्यांचं, आणि त्याच्या डोक्यावर किल्ला, जांभ्या दगडाचा. १५५१ पासून पोर्तुगिजांचा. पुढे कित्येक वर्षं तुरुंग होता, १९९३ पर्यंत. स्वातंत्र्यसैनिकांनाही इथे डांबलं होतं. डागडुजी होऊन २०१२ ला लोकांसाठी उघडला. आत मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे आणि ते बघायला तासभर सहज जातो. त्यांच्या चित्रांतल्या बाजारात, बसमध्ये, लग्नात मला आमच्या कुडाळातलीही चार तोंडं सापडली.

बुरुजावर वारा असा की छत्री उघडणं शक्यच नव्हतं. समोर मिरामारची वाळू, कांपाल, आणि त्यामागे शहर. इथून तोफा लावणाऱ्याला समोरचं मैदान चिखल असलेलंच सोयीचं वाटलं असेल. चिखलातून शत्रू चालत येत नाही. तिथे बाग करायची हिंमत झाली ती समुद्राकडून हल्ल्याची धास्ती सरल्यावरच, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

संध्याकाळी तात्यांनी रायबंदरला नेलं, लिन्यारिशच्या पुलावरून. पूल म्हणजे खाडीतून आणि मिठागरांतून काढलेला साधारण तीन किलोमीटरचा दगडी रस्ता, १६३३-३४ चा. पणजी आणि रायबंदर यांच्यामधला. आजही त्यावरून गाड्या धावतात. कमानींखालून भरती-ओहोटीचं पाणी अजून ये-जा करतं, हेच त्याचं मर्म. बांध घाला, पण पाण्याला दार ठेवा. कांपाल भरायच्या दोनशे वर्षं आधी हे इथे करून दाखवलं होतं. पलीकडे चोडण, फेरीबोटीच्या अंतरावर, सलीम अली पक्षी अभयारण्याची कांदळवनं. तात्यांनी बोट करून त्यांच्या घराचा बांध दाखवला. मला नुसताच पाऊस दिसला.

सोमवार

गाडी दुपारची, म्हणून सकाळी चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात गेले. ही १८५५ ची बाग, नदीपासून थोडी आत. मधल्या स्तंभावर १८९८ साली वास्को द गामाचा अर्धपुतळा बसवला होता. गोवा मुक्त झाल्यावर त्या जागी चार सिंह आले. ओर्ता हा गोव्यात राहिलेला वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मूळचा ज्यू कुटुंबातला. मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. ज्या सत्तेने जाळलं तिनेच पुढे बागेला त्याचं नाव दिलं. बागेत याबद्दल एक शब्द लिहिलेला मला आढळला नाही. पाच-सहा म्हातारे पोर्तुगीज-कोंकणीत हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

कांपालला जायचं असेल तर पणजी-मिरामार बस कला अकादमीपाशी थांबते. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गाड्या लावायला जागा नसते. पावसाळ्यात गेलात तर आधी भरतीची वेळ बघा आणि नेमके त्याच वेळेला कठड्यापाशी जा. चप्पल रबरी असू द्या.